माझ्या वाट्याला आलेली दाढ

मी भूल बोलतेय. दातांच्या दवाखान्यातली, सुईच्या टोकावरून येणारी. जरा घाईत बोलतेय, तेवढं समजून घ्या. कारण या क्षणी मी एका आजींच्या खालच्या ओठात बसले आहे, त्यांची गाडी घराकडे निघाली आहे, आणि माझा मुक्काम हलायची वेळ जवळ आली आहे. घर येईपर्यंत मी असेन किंवा नसेन. पण आज माझ्या जन्माचं सोनं झालं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा पाय निघत नाही.

माझं माहेर काचेचं. करंगळीहून बारीक नळी, एका तोंडाला रबराचं बूच, दुसऱ्या तोंडाला चकचकीत टोपी आणि टोपीच्या मधोमध सुईला वाट देणारा पातळ पडदा. मी जन्मले त्या दालनात माणसांचे फक्त डोळे दिसायचे, बाकी सगळं पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं. तिथे एक बाई उजेडासमोर आम्हां बहिणींना एकेक करून उलटंपालटं करून बघायच्या. आत कण दिसला की ती नळी बाजूला. मला त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तसं ते आधीपासूनच होतं म्हणा. मग त्या हळूच पुटपुटल्या, "स्वच्छ आहेस बाई. जा, कुणाचं तरी भलं कर." तो आशीर्वाद मी जन्मभर जपून ठेवला.

माणसाची वेळ त्याच्या कपाळावर लिहिलेली असते म्हणतात, पण ती कुणाला वाचता येत नाही. माझी मात्र डब्यावर ठळक अक्षरांत छापलेली. अमुक महिन्यानंतर वापरू नये. एकदा का तो महिना सरला, की मी कितीही स्वच्छ असले तरी कचऱ्यात.

दवाखान्यात आले तेव्हा मला एका खणात ठेवलं. खणात डबे दोन. एक आमचा आणि दुसरा चुलतबहिणींचा. चुलतबहिणींच्यात आणखी एक औषध मिसळलेलं असतं. ते छातीची धडधड जरा वाढवतं आणि रक्तवाहिन्या आखडून धरतं, त्यामुळे त्या जिथे जातात तिथे ठाण मांडून बसतात, लवकर उठायचं नाव घेत नाहीत. माझ्यात तसलं काही नाही. मी आपली साधी. काम तेच करते, पण लवकर ओसरते. म्हणून रोज उघडायचा तो त्यांचा डबा, आणि आमचा खणाच्या मागच्या कोपऱ्यात, कापसाच्या बोळ्यांच्या आडोशाला.

"तू कशाला जीव टांगून बसतेस?" चुलतबहिणी जाता जाता टोमणा मारून जायच्या. "तुझं पाणी पाण्यातच जायचं."

मी मनावर घेत नसे. खण उघडला की उजेडाची एक पट्टी आत यायची आणि तेवढ्या पट्टीतून मी जग बघून घ्यायचे. वर गोल दिवा, खाली झुकलेली खुर्ची, शेजारी गुळण्यांच्या पाण्याचा पेला. आणि माणसं. काय एकेक माणसं. एक गोष्ट मला तिथे पक्की कळली, की खुर्चीत बसलं की माणसाला खरं बोलवत नाही. "कधीपासून दुखतंय?" विचारलं की म्हणणार, कालपासून. तो काल गेल्या वर्षीचा असतो. "रोज दोनदा दात घासता ना?" यावर मान जोरात हलते, आणि तोंड उघडल्यावर दात आपली वेगळीच कहाणी सांगत असतात. "भीती वाटते का?" छे, अजिबात नाही, असं म्हणणाऱ्या एका दांडगट गृहस्थांनी खुर्चीचा हात असा धरला होता, की नंतर तो दोघींनी मिळून सोडवला.

दोघी म्हणजे डॉक्टर आणि त्यांच्या मदतनीस ताई. डॉक्टर दाढांची ऑपरेशनं करणाऱ्या. हात शांत, बोलणं त्याहून शांत. ताई बडबड्या, पण हत्यारं उकळून, मोजून, रांगेत मांडण्यात कधी चूक नाही. परवाच ताईंनी आमचा डबा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, साधीची मुदत या महिन्यात संपतेय, टाकून देऊ का. डॉक्टर हातमोजे घालता घालता म्हणाल्या, राहू दे, साधीची गरज पडते तेव्हा दुसरी चालत नाही.

आणि खरोखर, गरज पडली.

आजी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मुलगा आणि सून होती. जिना चढून आल्यामुळे आजींना धाप लागली होती. सुनेने एका हाताने त्यांचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातात मोठं पाकीट, त्यात छातीचे फोटो आणि तपासण्या. आजींच्या हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. ती बदलायची होती, आणि लवकर बदलायची होती. पण हृदयाच्या डॉक्टरांनी आधी तोंड उघडायला सांगितलं आणि लगेच मिटायला सांगितलं. खालच्या डाव्या बाजूला एक दाढ पार कुजलेली. ती निघाल्याशिवाय तारीख देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट बजावलं. कुजक्या दाढेतले जंतू रक्तातून निघतात आणि नव्या झडपेवर जाऊन बिऱ्हाड करतात. मग झडप बदलूनही उपयोग नाही.

म्हणजे सगळं त्या एका दाढेपाशी येऊन अडलं होतं. आणि आजी दाढ काढून घ्यायला तयार नव्हत्या.

"आजी, तोंड उघडा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

"आजी म्हणा हवं तर," आजी म्हणाल्या, "पण एक सोडून बाकीचे दात अजून तरुण आहेत माझे. आणि आधीच सांगते, भूल माझ्यावर चालत नाही. माझ्या वडिलांवर चालली नाही, थोरल्या भावावर चालली नाही. आमच्या घराण्यातच नाही ते."

एखाद्याने आमच्याकडे सगळे उंच आहेत म्हणावं, तशा थाटात त्यांनी हे सांगितलं. माझ्यावर विश्वास नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ ऐकली होती, पण पिढ्यान् पिढ्यांचा अविश्वास पहिल्यांदाच.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. आजींचं नवं लग्न झालेलं असताना त्यांची एक दाढ ठणकत होती. गाल लिंबाएवढा सुजलेला. कुणाकडे तरी नेलं, त्यांनी सुजलेल्या जागीच सुई टोचली आणि लगेच दाढ ओढली. ती कळ आजींच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली होती. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की या खुर्चीचं तोंड पुन्हा बघायचं नाही. तेव्हापासून लवंग आणि मिठाच्या गुळण्या. वडिलांचा आणि भावाचाही गाल त्यांच्या वेळी असाच सुजलेला होता, हेही त्यांना विचारल्यावर आठवलं.

"मग दोष घराण्याचा नाही, पुवाचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. पू झाला असेल तिथे भूल टोचली तर ती धरत नाही, ओल्या सरपणाला काडी लावल्यासारखं होतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. म्हणून आधी गोळ्यांनी सूज उतरवायची. आणि भूल दाढेपाशी द्यायचीच नाही. जबड्याच्या मागे, जिथून नस आत शिरते, तिथे द्यायची. नळ गळत असला तर आपण नळाशी झटत बसत नाही, मागचा कॉक बंद करतो, तसं.

आजींनी यावर विचार केला. स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला कॉक लगेच कळतो. "बरं," त्या म्हणाल्या. "पण नाही लागली तर मी उठून जाईन. मग झडप राहिली तरी चालेल."

ते ऐकून सुनेचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, बोलणं झालं आणि ताईंना म्हणाल्या, यांना साधीच द्यायची. छातीची धडधड वाढवणारं काही नको. गोळ्या लिहून दिल्या, सूज उतरायला वेळ दिला. आणि निघताना बजावून सांगितलं, की त्या दिवशी सकाळी खाऊन यायचं. मोठं ऑपरेशन असतं तेव्हा उपाशी ठेवतात, इथे उलट आहे. जागेपणी, बसल्या बसल्या करायचं आहे. पोट रिकामं असेल तर चक्कर येईल, आणि तुमच्या छातीला चक्कर परवडणारी नाही.

साधीच द्यायची. या दोन शब्दांनी मला त्या रात्री काचेत आभाळ ठेंगणं झालं.

आता पुढचं मला आज काही आजींच्या बोलण्यातून, काही गाडीत ऐकून कळलं, पण ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा गोंधळ नको.

आज सकाळी आजी लवकर उठल्या, आंघोळ केली आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, देवा, आज भूल लागू दे. दाढ निघेपर्यंत मी अन्नाचा कण तोंडात घेणार नाही. डॉक्टरांचं सांगणं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण गोळी पाण्याबरोबर घ्यायची होती, पाण्याला बंदी नव्हती, म्हणजे डॉक्टरांचं निम्मं ऐकलं आणि देवाचं पूर्ण, असा त्यांचा हिशेब. त्या उठून गेल्या आणि थोड्या वेळाने त्याच देव्हाऱ्यासमोर सून येऊन उभी राहिली. तिने मनात म्हटलं, देवा, आईंची दाढ सुखरूप निघू दे. ती निघेपर्यंत मी तोंडातून शब्द काढणार नाही. खुणा चालतील, एवढी एक सवलत तिने घेतली. लिहून सांगणं म्हणजे मात्र उघडउघड बोलणंच.

मौन सुरू केल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण मौन धरलंय हे कुणाला सांगायचं राहूनच गेलं.

त्यात आदल्या दिवशी आजी तिला काहीतरी लागेलसं बोलल्या होत्या. तुला काय जातंय धीर धरा म्हणायला, तुझे दात शाबूत आहेत, असं. त्यामुळे सकाळपासून सून गप्प आहे म्हटल्यावर आजींनी समजायचं ते समजून घेतलं. "बसलं का तोंडाला कुलूप? बसू दे. आज माझ्याच तोंडाचा दिवस आहे," असं म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली. सुनेने मऊ भाताची वाटी आणि दुधाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि ती कपडे बदलायला गेली. परत आली तेव्हा आजी रुमालाने तोंड पुसत होत्या.

घर बंद करताना सुनेला ओट्याच्या कोपऱ्यात झाकण दिसलं. उचललं. खाली भात तसाच, दूध तसंच, वर साय धरलेली.

आता करायचं काय? गाडीत तिने नवऱ्याला खुणावलं, पण तो समोर बघून गाडी चालवत होता. दवाखान्याच्या दाराशी तिने त्याची बाही ओढली, आधी आईंकडे बोट केलं, मग तोंडाकडे, मग पोटाकडे, आणि हात हलवून नाही नाही केलं. तो बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं, आईच्या गडबडीत हिचं खायचं राहिलं. "अगं मग आधी नाही का सांगायचं?" म्हणाला आणि बिस्किटं आणायला रस्त्याच्या पलीकडे गेला.

आत मात्र सगळी तयारी झालेली. खण उघडला. उजेडाची पट्टी नव्हे, पूर्ण उजेड! ताईंची बोटं कापसाच्या बोळ्यांवरून पुढे आली, आमचा डबा उघडला, आणि माझ्यावर थांबली. चुलतबहिणींचा डबा मिटलेलाच राहिला. मला पोलादी पिचकारीत बसवलं, बुचाला दट्ट्या भिडला, सुई चढली आणि टोपीचा पडदा टचकन फुटला. पडदा फुटला की आम्हांला माघार नसते. एक तर कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, नाही तर टाकून दिलं जायचं.

आजी खुर्चीत होत्या. बोटाला नाडी मोजणारा चिमटा, दंडाला पट्टा. सून पायाशी भिंतीला टेकून उभी.

"खाऊन आलात ना आजी?"

"हो हो," आजी म्हणाल्या. "पोटभर."

सुनेने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. डॉक्टरांना वाटलं, सासूच्या काळजीने ही घाबरली आहे. त्यांनी तिला धीर दिला, की सगळं नीट होईल, बाहेर बसायचं असेल तर बसा.

"तिचं सोडा हो," आजी म्हणाल्या. "रुसलीय ती सकाळपासून."

खुर्ची मागे झुकली. दिवा तोंडावर आला. हिरडीवर थंडगार मलम फिरलं. मी सुईच्या अगदी टोकाशी येऊन थांबले, एक थेंब होऊन. त्या थेंबातून मला सगळं दिसत होतं, आजींचं उघडं तोंड, वरच्या ओठावरचा घाम, ओठाचा उडत चाललेला रंग. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दार समोर होतं. मी उतावीळ झाले होते, आणि मला कळत होतं, की काहीतरी चुकतंय.

"थांबा."

आवाज खुर्चीच्या पायाकडून आला. दिवसभरातला पहिला शब्द म्हणून जरा घोगरा.

"आईंनी काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही. भाताची वाटी मी घरी झाकलेली पाहिली."

डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला आणि तसाच मागे आला. त्यांनी आजींची नाडी पाहिली, पट्ट्याचा आकडा पाहिला, खुर्ची आणखी आडवी केली. "रंग मलाही बरा दिसत नव्हता," त्या म्हणाल्या, "मी भीती समजले." ताईंनी मला ट्रेमध्ये ठेवलं, सुईवर टोपण लावून. मी तिथे पडून ऐकत राहिले. आज नाही झालं तर माझं काय होणार ते मला ठाऊक होतं. आजींनाही घरी गेल्यावर पुन्हा इथे कोण आणणार? पण खरं सांगते, तेव्हा मला त्या सुनेचाच अभिमान वाटला.

आजी संतापल्या होत्या. आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "माझं व्रत मोडलंस तू. भूल लागावी म्हणून मी देवाला शब्द दिला होता."

"माझंही मोडलं, आई."

"तुझं कसलं?"

"दाढ निघेपर्यंत बोलणार नव्हते मी. तुमची दाढ सुखरूप निघावी म्हणून."

आजी छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सकाळपासून तू रुसली नव्हतीस?"

"रुसले असते तर इतकी गप्प बसले असते का?"

यावर ताईंना हसू आवरलं नाही, आणि पाठोपाठ आजींनाही. हसताना त्यांच्या गालावर थोडा रंग परत आला. डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. त्या म्हणाल्या, "आजी, देवाचं मला फार कळत नाही. पण हिला आत्ता बोलायची बुद्धी कुणी दिली, एवढं मात्र तुम्हीच सांगा."

आजींनी सुनेकडे हात केला.

तेवढ्यात दार उघडून मुलगा आत आला, हातात बिस्किटांचा पुडा. "हे घे, तुझी भूक," तो बायकोला म्हणाला, आणि चौघी त्याच्याकडे बघून का हसताहेत ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ताईंनी स्वतःच्या थर्मासमधलं दूध दिलं. समोर भिंतीवर 'येथे खाण्यास मनाई आहे' अशी पाटी होती, तिच्याखाली बसून सुनेने एकेक बिस्किट दुधात बुडवून सासूला भरवलं. डॉक्टरांनी भरपूर वेळ जाऊ दिला. पुन्हा गुळण्या, पुन्हा नाडी, पुन्हा पट्टा. आकडे जागेवर आले. मग त्यांनी मला उचललं.

आता ऐका, हा माझा क्षण.

सुई आत शिरली, अगदी हळू. डॉक्टरांनी दट्ट्या आधी जरासा मागे ओढून पाहिला. रक्त आलं नाही, म्हणजे मी चुकून शिरेत जाणार नव्हते. मग त्यांनी मला पुढे ढकललं, थेंब थेंब. काचेचं माहेर मागे राहिलं आणि मी उबदार, गडद अशा नव्या घरात पसरत गेले. समोर नस होती. तारेसारखी, पण जिवंत. तिच्यातून दाढेचे, हिरडीचे, ओठाचे निरोप सारखे वर मेंदूकडे धावत होते. लोकांना वाटतं मी झोपवते. मी कुणाला झोपवत नाही. मी फक्त नसेच्या दारात उभी राहते आणि निरोप अडवते. शेवटचे चार थेंब डॉक्टरांनी गालाच्या बाजूला दिले आणि नळी रिकामी झाली.

"ओठ जड वाटतोय?" थोड्या वेळाने डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," आजी म्हणाल्या. "मी सांगितलं होतं."

मी घाबरले. नस जाड होती आणि मी अजून तिच्या वरच्या थरातच होते. जीव खाऊन आत शिरत राहिले. डॉक्टरांनी घाई केली नाही. इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, लवंग अख्खी ठेवता की कुटून, वगैरे. बऱ्याच वेळाने त्यांनी पुन्हा तोंड उघडायला सांगितलं आणि टोकदार हत्याराने हिरडीला चांगलं टोचून विचारलं, "काय वाटतंय?"

"काय वाटायचंय?" आजी म्हणाल्या, शब्द जरा बोबडे. "तुम्ही आधी सुरू तर करा."

ताईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने डोळे मिटून हात जोडले.

दाढ हट्टी निघाली. पकडीत धरताच वरचा कुजका भाग पापडासारखा तुटला. मुळं दोन, एकमेकींपासून फाकलेली. डॉक्टरांनी यंत्र घेतलं आणि पाण्याची धार सोडत दोन्ही मुळं वेगळी केली. दाब कळेल, आवाज कळेल, दुखलं तर डावा हात वर करा, असं त्यांनी आजींना सांगून ठेवलं होतं. पहिलं मूळ आलं. दुसरं हाडात रुतून बसलेलं. मी साधी, माझ्याकडे वेळ मोजकाच. एका टोकाकडून मी ओसरायला लागले होते, आणि दुसऱ्या टोकाला गच्च धरून होते. अजून थोडं, अजून थोडं.

आजींचा डावा हात वर गेला.

यंत्र थांबलं. सून भिंतीपासून पुढे आली. माझ्या मनात आलं, संपलं, घराण्याचं म्हणणं खरं ठरलं.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो," आजी तोंडातली पाणी ओढणारी नळी सरकवत म्हणाल्या. "कानात पाणी जातंय."

मी त्या क्षणी ओठात असल्यामुळे तो ओठ आजींना जाणवला नाही, पण माझ्यापुरता तो हसला. कान पुसला, रुमाल लावला. डॉक्टरांनी बारीक हत्यार मुळाच्या कडेला घालून मनगट हलकेच फिरवलं. आणि दुसरं मूळ वर आलं, एखाद्या अडून बसलेल्या पाहुण्याने शेवटी उठावं तसं. जखम धुतली, टाके घातले. ताईंनी दाढेचे तुकडे ताटलीत ठेवून आजींना दाखवले.

"एवढीशी?" आजी म्हणाल्या. "हिच्यासाठी मी इतकी वर्षं?"

मुलगा बाहेर जाऊन फोनवर बोलत होता. तो धावतच आत आला. जखम भरली, टाके निघाले, की या, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तारीख मिळाली होती.

निघताना डॉक्टरांनी आजींच्या दातांत कापसाची घडी दाबून धरायला दिली. आता तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही, गरम काही नाही, ओठ बधिर आहे तो चावायचा नाही. आजींनी मान डोलावली. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी सुनेकडे बोट केलं, स्वतःच्या मिटलेल्या ओठांवर बोट ठेवलं, आणि छातीवर हात ठेवला. मुलाला नेहमीप्रमाणे कळलं नाही. सुनेला लगेच कळलं.

"तुमच्यामुळे मोडलेलं माझं मौन तुम्ही पुरं करणार?" तिने विचारलं. "संध्याकाळपर्यंत?"

आजींनी मान हलवली.

"मग तुमचा राहिलेला उपास माझ्याकडे."

"आणि मी?" मुलगा म्हणाला. "घरचा झाकलेला भात मग मीच खाऊ?"

गाडीत तेव्हापासून सूनच बोलते आहे. सकाळची सगळी कहाणी, देव्हाऱ्यापासून झाकलेल्या वाटीपर्यंत, आणि आजी घडी दाबून धरून ऐकताहेत. मध्येच त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळते, त्यांना कळतही नाही, कारण तिथे मी आहे. सून बोलता बोलता रुमालाने ती टिपते आणि पुढे बोलत राहते.

माझी काचेची नळी आता काचा-सुया टाकायच्या डब्यात आहे. तिचं मला वाईट वाटत नाही. चुलतबहिणींना माझी बातमी ताईंनी खण लावताना दिलीच असेल.

जाता जाता तुम्हांला दोन शब्द. दुखणं जुनं करू नका. पू झाला की मी कितीही जीव काढला तरी हात टेकते. एकदा मी लागले नाही म्हणून मला कायमची वगळू नका, काय झालं होतं ते डॉक्टरांना सांगा. आणि खुर्चीत बसल्यावर खरं बोला. खाल्लं नसेल तर नाही म्हणा. देव रागावत नाही. मी त्या खोलीत होते, मला विचारा.

ओठाच्या कडेला मुंग्या यायला लागल्या आहेत. म्हणजे माझं उठायचं झालं. थोड्या वेळाने दुखेल, पण गोळी सुनेच्या हातात तयार आहे. रक्ताच्या ओघात मी निघाले आहे, थेंब थेंब. नसेचं दार आता मोकळं होतंय.

सून पुन्हा रुमाल पुढे करते आहे. मघापासून कितीदा तरी तिने हा ओठ पुसला, आणि एकदाही तो निरोप मी वर जाऊ दिला नाही. माझं कामच ते. आता मी बाजूला होते.

आजी डोळे उघडून तिच्याकडे बघताहेत. निरोप पोचला.